सवलत आणि साधन



वसंत व्याख्यानमालेचे दिवस हे आपल्याकडे दहावीच्या निकालाची वाट पाहण्याचेही दिवस असतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात या प्रथेचा पाया घातला, त्याला आता दीडशे वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात राजकारण, साहित्य, इतिहास, अध्यात्म असे मोठमोठे विषय अशा व्यासपीठांवरून मांडले गेले. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी लहान दिसेल. दिव्यांग मुलांना दहावीच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी लागणारी साधने कोठून आणावयाची, एवढाच तो आहे. परंतु ज्या घरात असे मूल दहावीला बसले आहे, त्या घराला विचारून पाहा. त्या वर्षी त्यांना दुसरा कोणताही विषय याहून मोठा वाटत नाही.

परीक्षेच्या दिवसांत कोणत्याही केंद्रावर जा. दुपारी दोनच्या सुमारास घंटा होते, मुलांचा लोंढा बाहेर पडतो, रिक्षावाल्यांची गडबड उडते. तळमजल्यावरच्या एखाद्या खोलीत मात्र पेपर चालूच असतो. आत एखादी मुलगी उत्तर तोंडाने सांगत असते आणि खालच्या इयत्तेतली दुसरी मुलगी ते लिहून घेत असते. बाहेर उभा असलेला एखादा पालक शेजारच्याला म्हणतो, "यांना एक तास जास्त मिळतो, मजा आहे यांची!" असे म्हणणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्याला तो एक तास दिसतो. त्याच्या मागचे वर्ष त्याला दिसत नाही. आज आम्हांला त्या वर्षाविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. आपल्या राज्याची या बाबतीतली परंपरा वाईट नाही. अध्ययन-अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी कशात तरी अडणे, ही गोष्ट देशाच्या कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी, १९९६ साली, महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात सातच प्रकार धरले होते आणि त्यांत ही अक्षमता नव्हती. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, आणि सातांचे एकवीस प्रकार झाले. या कायद्याच्या सतराव्या कलमात परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करावेत, वाढीव वेळ द्यावा, लेखनिक द्यावा, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट द्यावी, असे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. वाढीव वेळ किती, तर तासाला वीस मिनिटांहून कमी नसावा, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तीन तासांच्या पेपरला एक तास येतो तो या हिशेबाने. लेखनिकाच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात आणखी पुढे जाऊन सांगितले की, ज्याला लिहिण्यात खरीच अडचण आहे त्याचे अपंगत्व चाळीस टक्के भरत नाही एवढ्या कारणाने त्याला लेखनिक नाकारता येणार नाही.

हे सर्व चांगलेच झाले. परंतु त्याच सतराव्या कलमात आणखी एक वाक्य आहे, आणि त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक आहे अशा मुलांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, इतर शिक्षणसाहित्य आणि योग्य ती उपकरणे विनामूल्य द्यावीत, असे ते वाक्य आहे. सवलत आणि साधन या दोन्ही गोष्टी कायद्याने एकाच कलमात शेजारीशेजारी बसविल्या आहेत. व्यवहारात मात्र सवलत पुढे गेली आणि साधन मागे राहिले. याचे कारण उघड आहे. सवलत एका आदेशाने देता येते; साधन कोणीतरी बसून तयार करावे लागते. सवलत मार्च महिन्यात परीक्षेच्या खोलीत मिळते. साधन जून महिन्यापासून घरातल्या टेबलावर लागते. ज्याने वर्षभर अभ्यासच करू शकला नाही, त्याला शेवटी एक तास अधिक दिला, तर कोऱ्या कागदाकडे पाहत बसण्याचा वेळ तेवढा वाढतो.

आता कोणी विचारील, बाजारात दहावीची एवढी गाईडे आहेत, अपेक्षित प्रश्नसंच आहेत, फुकट चित्रफिती आहेत. मग या मुलांनाच साधन का मिळू नये? भिवंडीच्या माणसाला याचे उत्तर समजावून सांगणे सोपे आहे. यंत्रमागावर एका पन्ह्याचे कापड हजारो मीटर निघते, म्हणून ते परवडते. तेच अंगाला बसेल असे शिवून हवे असेल, तर शिंप्याकडे जाऊन माप द्यावे लागते. गाईड हे मागावरचे कापड आहे. या मुलांना हवा आहे तो मापाचा सदरा.

आणि मापे किती? साधा हिशेब करू. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, अध्ययन-अक्षम आणि स्वमग्न असे पाचच प्रकार धरले. भिवंडीत मुले ज्या भाषांतून शिकतात त्यांपैकी मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू आणि इंग्रजी अशी पाचच माध्यमे धरली. आणि विषय सहा धरले, तर दीडशे निराळे संच होतात. एकेका संचाला गिऱ्हाईक किती? तेलुगू माध्यमातल्या एखाद्या अल्पदृष्टी मुलीला भूगोलाचा संच हवा असेल, तर सबंध शहरात तिच्यासारखी कदाचित तीच एक असेल. कोणता प्रकाशक एका प्रतीसाठी पुस्तक काढील? यात प्रकाशकाला दोष देण्यात अर्थ नाही. तात्पर्य इतकेच की हे साहित्य बाजारात शोधून सापडणार नाही. ते आपल्याला करावे लागेल.

ते करावयाचे म्हणजे नेमके काय, हे आता प्रकारवार पाहू.

अंध विद्यार्थ्यांपासून आरंभ करू. लुई ब्रेल याने आपली सहा टिंबांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे निरनिराळ्या प्रांतांतल्या निरनिराळ्या पद्धती मोडून १९५१ साली भारती ब्रेल ही एकच पद्धत मान्य झाली, त्यामुळे मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांतला 'क' बोटाला एकसारखाच लागतो. पाठ्यपुस्तके ब्रेलमध्ये आणि मोठ्या टंकात पुरविण्याची शासकीय व्यवस्था आहे. परंतु परीक्षेची तयारी केवळ पाठ्यपुस्तकावर होत नाही, हे आपल्या सर्वांनाच ठाऊक आहे. भाषेची कृतिपत्रिका पाहा. तीत 'आकृतिबंध पूर्ण करा' असा प्रश्न हमखास असतो; मध्ये एक चौकट आणि भोवती चार रिकाम्या चौकटी. डोळसाला हे एका नजरेत कळते. लेखनिक जर नुसते "आकृती पूर्ण कर" म्हणाला, तर अंध मुलाने काय समजावे? "मध्यभागी अमुक शब्द आहे, त्याच्याशी जोडलेल्या चार जागा भरावयाच्या आहेत" असे शब्दांत उलगडून दिलेले सराव-प्रश्न त्याला वर्षभर मिळाले पाहिजेत. भूगोलाच्या पेपरात नकाशाऐवजी अंध विद्यार्थ्यांसाठी पर्यायी प्रश्न असतात. डोळसांसाठी काढलेल्या सरावसंचाचा रोख अर्थातच नकाशावर असतो. मग या मुलाने सराव कशाचा करावा? मागील वर्षांच्या पेपरांतले हे पर्यायी प्रश्न वेचून एकत्र केले, तर चार पानांची एक वही होईल. पण ती वही कोणीतरी करावी लागेल.

आज पुष्कळ अंध मुले संगणकाकडून किंवा भ्रमणध्वनीकडून मजकूर वाचवून घेतात. एनव्हीडीए नावाचे वाचक-सॉफ्टवेअर तर विनामूल्य मिळते. पण येथे एक अडचण आहे आणि शिक्षकवर्गाने ती ध्यानात घ्यावी अशी आमची विनंती आहे. शाळेतल्या टिपा जुन्या पद्धतीच्या टंकात टंकलेल्या असतील, किंवा पानाचा नुसता फोटो काढून पाठविला असेल, तर वाचक-सॉफ्टवेअरला त्यातले काही वाचता येत नाही. त्याच टिपा युनिकोडमध्ये टंकल्या की ती घडाघडा वाचली जातात. उर्दूतल्या टिपांचीही गोष्ट तशीच. येथे खर्च काहीच नाही; सवय तेवढी बदलावयाची आहे.

कर्णबधिर मुलांची अडचण निराळी आहे. पान त्यांना दिसते, अक्षर वाचता येते. पण जी भाषा कानावर कधी पडलीच नाही ती त्यांना परक्या भाषेसारखी शिकावी लागते. प्रश्नाचे उत्तर येत असते आणि प्रश्नच कळत नाही, असे त्यांचे होते. 'कारणे द्या', 'फरक स्पष्ट करा', 'टीप लिहा', 'योग्य पर्याय निवडून विधान पूर्ण करा', 'तुमच्या शब्दांत लिहा', अशी परीक्षेची म्हणून जी एक खास भाषा आहे, तिच्यात फार तर तीस-चाळीस प्रयोग येतात. हे सर्व एका तक्त्यात मांडावेत, प्रत्येकासमोर एक सोडविलेले उदाहरण द्यावे, आणि खूणभाषा जाणणाऱ्या शिक्षकाकडून प्रत्येकाची खूण चित्रित करून घ्यावी. भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांपर्यंत गेला आहे, त्याचा आधार घेता येईल. हा एक तक्ता सहाही विषयांना उपयोगी पडेल.

अध्ययन-अक्षम मुले ही सर्वांत अधिक गैरसमज सोसणारी. २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग मोजले गेले, पण त्या गणनेत अध्ययन-अक्षमतेला स्वतंत्र रकानाच नव्हता. २००७ साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि घरोघरी लोकांना कळले की असे मूल ढ किंवा आळशी नसते. ते मूल चित्रपटात चित्रकलेची स्पर्धा जिंकते. आपल्या शहरातल्या मुलाला मात्र इतिहासाचा पेपरही द्यावयाचा आहे! त्याच्यासाठी साधन कसे असावे? पानावर मजकुराची गर्दी नसावी. टंक मोठा, ओळींमध्ये मोकळी जागा. एका पानावर एक-दोन प्रश्न. लांब उत्तराचे चार मुद्दे सुटे केलेले. आणि शक्य तेथे तोच मजकूर वाचून ध्वनिमुद्रित केलेला, म्हणजे डोळा आणि कान एकमेकांना मदत करतील. ज्यांना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची मुभा मिळते, त्यांना तर त्या पेपराचे सरावसंच सर्वांत आधी हवेत. शेजारच्या बाकावरच्या मित्राचे गाईड त्याच्या कामाचे नसते.

या सर्वांना समान असे एक साधन आहे, आणि ते कागदी नाही. ते म्हणजे लेखनिकाबरोबरचा सराव. उत्तर सांगणे आणि उत्तर लिहिणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. परिच्छेद कोठे पाडावयाचा, कोणते पद ठळक लिहावयाचे, गणिताची पायरी कोठे संपली, आकृतीला कोठे नाव द्यावयाचे, हे सगळे तोंडाने सांगता आले पाहिजे. आणि सांगितले तेवढेच, एक शब्द अधिक न घालता, लिहून घेणे लेखनिकालाही जमले पाहिजे. ही दोन मुले परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रथमच भेटली, तर पहिला अर्धा तास एकमेकांचे उच्चार समजण्यातच जातो. म्हणून पूर्वपरीक्षेच्या आधी निदान आठ-दहा पेपर, वाढीव वेळेचे घड्याळ लावून, लेखनिकासह सोडवून घेतले पाहिजेत.

ज्या मुलांची बौद्धिक वाढ मंद आहे, त्यांच्या पालकांना दोन शब्द स्वतंत्र सांगावेसे वाटतात. एकाच मार्च महिन्यात सर्व विषय घेऊन बसणे ज्याला झेपत नाही, त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट खुली आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला पाच विषय पुरतात, पाच वर्षांत मिळून नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय सोडवीत पुढे जाता येते. मराठीतून आणि तेलुगूतूनही ही परीक्षा देता येते. तीन वर्षे लागली तर लागू द्यात. शेजारचा काय म्हणेल, या भीतीने मुलाच्या गळ्यात त्याला न पेलणारे ओझे अडकवू नका.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. प्रमाणपत्राची आठवण अनेकांना पूर्वपरीक्षेत गुण कमी पडल्यावर होते. तोपर्यंत वेळ गेलेली असते. तपासणीला एकाहून अधिक खेपा पडतात. मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्यासारख्या विभागात जावयाचे तर मागावर पाळी करणाऱ्या बापाचा प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. म्हणून हे काम आठवीतच उरका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षापर्यंतचे आहे. नववीत पाय ठेवताना मूल एकटे पडते, आणि अशी मुले शाळा सोडतात ती बहुधा याच उंबरठ्यावर. नापास झाल्यामुळे ती जातात असे आपण समजतो. खरे पाहता आपल्या हातात धरता येईल असे पुस्तकच नाही, हे त्यांना परीक्षेच्या कितीतरी आधी कळलेले असते.

मग हे सर्व करणार कोण? शासनाने करावे, हे उत्तर खरे आहे, आणि कायद्यातले ते वाक्य दाखवून ते आपण मागितलेच पाहिजे. शाळेमार्फत शहर साधन केंद्राकडे, विशेष शिक्षकांकडे लेखी मागणी करा. मागणीचा कागद नसेल तर गरजच नाही असे धरले जाते. परंतु मागणी पुरी होईपर्यंत मुलाचे दहावीचे वर्ष थांबत नाही. म्हणून काही भाग नागरिकांनी उचलावा, असे आम्हांला वाटते. आणि तो उचलता येण्याजोगा आहे.

कोणाच्या मनात शंका येईल की पाठ्यपुस्तक वाचून मुद्रित करणे किंवा टंकून देणे कायद्यात बसते काय? बसते. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून, नफा न कमावता, कोणतेही पुस्तक तिला सुलभ अशा रूपात आणण्यास तीत मोकळीक दिली आहे. दृष्टिहीनांना पुस्तके मिळावीत यासाठी २०१३ साली मराकेश येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश आपलाच होता. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' नावाचे संगणकीय ग्रंथालयही चालू आहे. आपण केलेले काम कोठल्या कोठे जाऊन पोहोचू शकते याची त्यावरून कल्पना यावी. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या 'नॅब'ने बोलक्या पुस्तकांचे काम वर्षानुवर्षे चालविले आहे. मार्ग मळलेला आहे. आपल्याला त्यावर चालावयाचे आहे.

तेव्हा कामांची वाटणी अशी करता येईल. ज्यांचा आवाज स्पष्ट आहे अशा निवृत्त शिक्षकांनी, गृहिणींनी एकेक धडा घेऊन ध्वनिमुद्रित करावा. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. महाविद्यालयातल्या मुलामुलींनी मागील पाच वर्षांचे पेपर युनिकोडमध्ये टंकावेत आणि आकृतिबंध शब्दांत उलगडून लिहावेत. उर्दू आणि तेलुगू जाणणाऱ्या मंडळींनी तेच आपापल्या माध्यमात उतरवावे. या शहरात चार-पाच भाषा एका गल्लीत बोलल्या जातात, ही आपली अडचण नसून या कामापुरती तरी आपली श्रीमंती आहे. आठवी-नववीतल्या मुलांना लेखनिक म्हणून तयार करावे, आणि त्यांच्या आईबापांनी "तुझा अभ्यास बुडेल" म्हणून त्यांना अडवू नये. दुसऱ्याचा पेपर लिहून घेणारे मूल स्वतःही पुष्कळ शिकते. आणि तयार झालेले सर्व एखाद्या वाचनालयात एका कपाटात, विषयवार, माध्यमवार, नाव घालून ठेवावे. आज होते असे की एक आई रात्री जागून मुलासाठी मोठ्या अक्षरांत वह्या लिहिते, मूल उत्तीर्ण होते, वह्या रद्दीत जातात, आणि पुढच्या वर्षी दुसरी आई पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करते. एका कपाटाने हे थांबेल.

शेवटी एका आक्षेपाचा विचार करू. अशाने परीक्षेचा कस कमी होत नाही काय, असे काही सज्जन प्रामाणिकपणे विचारतात. परीक्षेने काय मोजावयाचे आहे, हे आधी ठरवू. इतिहासाच्या पेपरात इतिहासाचे ज्ञान मोजावयाचे असेल, तर डोळ्यांची दृष्टी, हाताचा वेग आणि कानाची शक्ती यांचे गुण त्यात मिसळण्याचे कारण नाही. साधन दिल्याने मुलाला उत्तर मिळत नाही. प्रश्नापर्यंत पोहोचता येते. पुढचे काम त्याचेच आहे.

यंदाचा निकाल लागेल तेव्हा वर्तमानपत्रांत पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे येतील. त्यांचे कौतुक जरूर करू. पण जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपापल्या शाळेत जाऊन, यंदा दहावीला बसणारी अशी मुले किती, कोणत्या माध्यमाची, आणि त्यांच्यापाशी आज काय नाही, एवढे तीन प्रश्न विचारून या. उत्तरे एका कागदावर लिहिली की कामाची यादी आपोआप तयार होईल. ध्वनिमुद्रणासाठी किंवा टंकलेखनासाठी ज्यांना नाव द्यावयाचे असेल त्यांच्यासाठी दाराशी एक वही ठेवली आहे. तीत नावाबरोबर आपल्याला कोणती भाषा लिहिता-वाचता येते तेही लिहावे.